जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट ‘एमएसआय-हाय’ आला, तर ऑपरेशनआधी इम्युनोथेरपी घ्यावी का?

तासगाव तालुक्यातून एका मुलाने विचारलं आहे. आईचं वय ६६. दोन-तीन महिने जेवल्यावर पोट गच्च व्हायचं, मग उलट्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन ८ वर आलं. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या टोकाला जखमेसारखी गाठ दिसली, तुकड्याचा रिपोर्ट ॲडिनोकार्सिनोमा आला. सीटी स्कॅनमध्ये गाठ टी३ (म्हणजे जठराच्या भिंतीत खोलवर गेलेली, पण बाहेरचं आवरण न भेदलेली; टी१-टी२ त्याहून वरवरच्या), शेजारचे काही लिम्फ नोड मोठे, लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ. डॉक्टरांनी चार केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार केमो असं सांगितलं आहे आणि पहिली केमो येत्या आठवड्यात आहे. तेवढ्यात तुकड्याचा दुसरा रिपोर्ट हातात पडला: ‘एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस’. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, केमो घेऊच नका, इम्युनोथेरपीने गाठ विरघळते, ऑपरेशनही लागत नाही, मुंबईत ट्रायल असेल तर नाव घाला. वडील म्हणतात, हिच्यावर प्रयोग नको. आता काय करायचं?

मी सांगली-मिरज भागात पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो. आधी थेट उत्तर देतो. पहिली केमो रद्द करू नका, पण आठवडाभर पुढे ढकलायची विनंती डॉक्टरांना जरूर करा. हातात आलेला दुसरा रिपोर्ट आईच्या सगळ्या उपचारांचा क्रम बदलू शकतो, आणि तो पक्का करून घ्यायला आठवडा पुरतो. जठराच्या या आजारात आठवड्याने काही बिघडत नाही. एक अपवाद आहे, उलट्यांचा. त्याकडे खाली येतो.

‘लॉस’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण घरच्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. आपल्या पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल काढतात. एकच अक्षर सलग आठ-दहा वेळा येतं अशा जागी ही नक्कल हमखास घसरते, एखादं अक्षर जास्त पडतं किंवा गळतं. ती चूक हेरून दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिनं आहेत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. त्यांच्या जोड्या आहेत. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही, म्हणून आईच्या रिपोर्टमध्ये दोन्हींची नावं एकत्र आली. दुरुस्ती बंद पडली की गाठीतल्या पेशींत हजारो चुका साचतात. अशा गाठीला ‘एमएसआय-हाय’ किंवा ‘डीएमएमआर’ म्हणतात. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच धरा.

या चुकांमुळे गाठीच्या पेशी चित्रविचित्र प्रथिनं बनवतात, शरीराने कधी न पाहिलेली. रोगप्रतिकारक पेशी ती ओळखतात आणि गाठीत गर्दी करतात. गाठ मात्र पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून त्यांना थोपवून धरते. इम्युनोथेरपीची औषधं, म्हणजे निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, डोस्टारलिमॅब वगैरे, हा अडसर काढतात. या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. म्हणजे औषध गाठीला मारत नाही, आधीच जमलेल्या पेशींना मोकळं करतं. जिथे अशा पेशी जमलेल्याच नाहीत, तिथे नुसत्या इम्युनोथेरपीने फारसं साधत नाही. म्हणून कुणाच्या ओळखीतल्याला इम्युनोथेरपीने गुण आला यावरून आईचा निर्णय करता येत नाही. त्याची गाठ कोणत्या जातीची होती, हे आधी विचारायला हवं.

जठराच्या कॅन्सरचे जनुकीय प्रकार २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलस प्रकल्पाने मांडले: एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेला, एमएसआय, जनुकीयदृष्ट्या स्थिर, आणि गुणसूत्रांची उलथापालथ झालेला. त्या अभ्यासात एमएसआयचा वाटा २२ टक्के होता. ऑपरेशनजोग्या रुग्णांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये तो आठ टक्क्यांच्या आसपास भरतो. हे रुग्ण बहुधा उतारवयातले, बायका थोड्या जास्त, गाठ जठराच्या खालच्या भागात. तुमच्या आईचं वर्णन या चौकटीत बसतं, त्यामुळे रिपोर्ट खरा असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तरी तो तपासूनच घ्यावा लागेल.

स्लाइडवर हे कसं दिसतं ते सांगतो. रसायन लावल्यावर ज्या पेशीत प्रथिन शाबूत आहे तिचं केंद्रक तपकिरी होतं, जिथे नाही ते निळंच राहतं. आईच्या स्लाइडवर गाठीच्या ग्रंथी निळ्या असायला हव्यात, आणि त्यांच्या मधोमध विखुरलेल्या साध्या पांढऱ्या पेशी तपकिरी. त्या साध्या पेशीच तपासणीची खूण आहेत. त्याही निळ्या असतील तर प्रथिन गेलेलं नसून रंगच चढलेला नाही. तुकडा फॉर्मेलिनमध्ये उशिरा पडला, फॉर्मेलिन कमी होतं किंवा तुकडे फार बारीक होते, की असं होतं. लहान गावातून तुकडा एसटीने किंवा कुरिअरने लॅबला जातो, तेव्हा हा धोका मी गृहीतच धरतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टना एकच प्रश्न विचारा: आतल्या साध्या पेशींना रंग चढला होता का? आणि त्याच ब्लॉकवर पीसीआर पद्धतीची एमएसआय तपासणी करून घ्या. दोन्ही जुळले की मग शंका उरत नाही.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. तो मागून घेता येतो, आणि पुढे जिथे जाल तिथे सगळ्यात आधी तोच मागतील. रिपोर्टच्या झेरॉक्सचं भेंडोळं घेऊन मुंबई गाठणारे आणि ब्लॉक लॅबमध्येच राहिल्यामुळे परत येणारे नातेवाईक आमच्याकडे नेहमी दिसतात. पहिल्या फेरीलाच ब्लॉक आणि स्लाइड बरोबर ठेवा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, मेण वितळतं. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती घरात कुणी घातली असेल, तर ती मनातून काढा.

आता आतेभावाच्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते पाहू. बरंच आहे, पण अर्धंच.

ऑपरेशनआधी आणि नंतर केमो देण्याची पद्धत ब्रिटनच्या मॅजिक चाचणीने २००६ मध्ये रूढ केली. नुसत्या ऑपरेशनने पाच वर्षांनी २३ टक्के रुग्ण जिवंत होते, केमो जोडल्यावर ३६ टक्के. पुढे जर्मनीतून फ्लॉट नावाची चार औषधांची केमो आली आणि तिने ते आकडे आणखी सुधारले. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली चार-अधिक-चार केमो हीच असणार. डॉक्टर चुकत नाहीयेत. जठराच्या बहुतेक कॅन्सरला आजही तोच पाया आहे.

पण या चाचण्यांतले रुग्ण नंतर एमएसआयप्रमाणे वेगळे करून पाहिले, तेव्हा वेगळंच दिसलं. मॅजिकसह चार मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये इटलीच्या फिलिपो पिएत्रान्तोनियो आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. १५५६ रुग्णांपैकी १२१ एमएसआय-हाय होते. त्यांच्यात नुसतं ऑपरेशन झालेले ८३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, केमो आणि ऑपरेशन दोन्ही झालेले ७५ टक्के. दुसऱ्या आकड्यावरून केमोने नुकसान केलं असा निष्कर्ष मी काढणार नाही, रुग्ण थोडे आहेत. मात्र बाकीच्यांना होणारा फायदा या गटात दिसला नाही, एवढं नक्की म्हणता येतं. यातच तुमच्यासाठी चांगली बातमीही आहे. एमएसआय-हाय गाठ मुळात इतर गाठींपेक्षा सौम्य वागते, आणि नीट ऑपरेशन झालं तर तिचा निकाल चांगला असतो.

केमो या गाठींवर अगदीच निकामी आहे असंही नाही. जर्मनीच्या दान्ते चाचणीत काहींना नुसती फ्लॉट आणि काहींना फ्लॉटबरोबर अटेझोलिझुमॅब दिलं गेलं. त्यातल्या एमएसआय-हाय रुग्णांचा छोटा गट पाहिला, तर नुसत्या केमोने २७ टक्क्यांत गाठ पूर्ण नाहीशी झाली होती, इम्युनोथेरपी जोडल्यावर ६३ टक्क्यांत. म्हणून काही कारणाने आईला केमोच घ्यावी लागली, तर आपण तिचं वाटोळं केलं असं मनात आणू नका.

मग केमोला फाटा देऊन नुसती इम्युनोथेरपी दिली तर? फ्रान्सच्या निओनिपिगा चाचणीने नेमकं हेच केलं. ऑपरेशनजोगा, एमएसआय-हाय जठराचा किंवा जठर-अन्ननलिकेच्या सांध्याचा कॅन्सर असलेले ३२ रुग्ण. ऑपरेशनआधी सुमारे तीन महिने निवोलुमॅबचे सहा डोस आणि इपिलिमुमॅबचे दोन. २९ जणांचं ऑपरेशन झालं, सगळ्यांची गाठ कडांसह स्वच्छ निघाली. त्यातल्या १७ जणांच्या काढलेल्या जठरात आणि नोडमध्ये कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही, म्हणजे ५८.६ टक्के. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर कुणाचाही आजार उलटला नव्हता. मात्र तोवरचा पाठपुरावा साधारण सव्वा वर्षाचाच होता.

इटलीच्या इन्फिनिटी चाचणीत औषधं वेगळी, ट्रेमेलिमुमॅबचा एक मोठा डोस आणि डुर्वालुमॅबचे तीन. पहिल्या गटात तपासता आलेल्या १५ पैकी ९ जणांत गाठ पूर्ण गेली. दोन देश, दोन औषधजोड्या, आणि निकाल जवळजवळ सारखा. म्हणून मी हे गंभीरपणे घेतो. पण याच चाचणीत जठराच्या भिंतीबाहेर पडलेल्या टी४ गाठींमध्ये असा पूर्ण प्रतिसाद फारच कमी मिळाला. म्हणजे आईची गाठ टी३ आहे की टी४, हा प्रश्न आता बारीक तपशिलाचा राहत नाही.

औषध ऑपरेशनच्या आधीच का द्यायचं, असंही तुमच्या मनात येईल. गाठ आणि तिचे नोड जागेवर असताना रोगप्रतिकारक पेशींना ती विचित्र प्रथिनं भरपूर मिळतात, आणि त्यांची पैदास प्रामुख्याने त्याच नोडमध्ये होते. आम्ही ऑपरेशनमध्ये हे नोड साफ करतो. त्यामुळे आधी दिलेलं औषध जास्त कामाचं ठरतं, असं त्यामागचं तर्कशास्त्र आहे.

आतेभावाच्या बोलण्याचा दुसरा भाग, ऑपरेशन लागतच नाही, हा बहुधा गुदाशयाच्या कॅन्सरवरून आला आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात याच जातीची, पण गुदाशयातली गाठ असलेल्यांना सहा महिने डोस्टारलिमॅब दिलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांचे निकाल आले, सगळ्यांची गाठ नाहीशी. २०२५ मध्ये ती संख्या ४९ झाली, तरी सगळ्यांचीच नाहीशी. त्याच अभ्यासात जठर, आतडं वगैरे बाकीच्या अवयवांच्या ५४ रुग्णांपैकी ३५ जणांत गाठ दिसेनाशी झाली आणि त्यांतल्या ३३ जणांनी ऑपरेशन न करता देखरेखीत राहणं पसंत केलं. आकडे उमेद देणारे आहेत, पण गुदाशयात शंभर टक्के आणि बाकीच्या अवयवांत पासष्ट टक्के हा फरक नजरेआड करू नका.

जठर देखरेखीला अवघड अवयव आहे. गुदाशयात बोटाने तपासता येतं, एमआरआयवर भिंतीचे थर नीट दिसतात. जठर सतत हलतं, फुगतं, त्याची भिंत जाड-पातळ होते. इम्युनोथेरपीनंतर काढलेलं जठर टेबलावर उघडून पाहिलं की हे समजतं. गाठीच्या जागी पांढरट, चिवट वण असतो. नोड बोटांत धरले तर टणक आणि मोठे लागतात, कापले तर आत कधी नुसता चिकट बुळबुळीत पदार्थ. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात एकही पेशी नसते. स्कॅनवर हाच नोड ‘अजून आजार आहे’ असा वाचला गेलेला असतो. उलटही होतं. वरचं आवरण बरं होऊन दुर्बिणीत सगळं गुळगुळीत दिसतं, तुकडे स्वच्छ येतात, आणि भिंतीच्या खोल थरात पेशींचे पुंजके शिल्लक असतात. या दोन्ही बाजूंनी फसवणाऱ्या अवयवात ऑपरेशन टाळायचं, तर दर काही आठवड्यांनी अनुभवी हाताची एंडोस्कोपी, आतून सोनोग्राफी आणि स्कॅन हवेत, आणि गाठ परत दिसली की लगेच ऑपरेशन करणारी टीम हवी. हे चाचणीच्या शिस्तीत शक्य आहे. ‘जरा बरं वाटतंय, बघू पुढं’ असं म्हणून घरी राहणं म्हणजे देखरेख नव्हे, आणि असं थांबायचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

तर तुमच्या आईसाठी क्रम असा धरा. आधी एमएसआय पक्कं करा. त्याबरोबर स्टेज पक्की करा. सीटीवरचा टी३ हा अंदाज असतो, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने तो सुधारतो. पोटात दुर्बीण घालून पोटाच्या आतल्या अस्तरावर कॅन्सरचे बारीक दाणे आहेत का ते पाहणं आणि पोट धुतलेलं पाणी पेशींसाठी तपासणं, हे मी टी३ गाठीत टाळत नाही, कारण सीटीला ते दाणे बहुतेक वेळा दिसत नाहीत. गाठ प्रत्यक्षात टी१ किंवा टी२ निघाली आणि नोड साधे निघाले, तर मी सरळ ऑपरेशन सुचवेन. खालच्या टोकाच्या गाठीला पूर्ण जठर काढावं लागत नाही, वरचा भाग राहतो. नोडची नीट सफाई झाली आणि निदान सोळा नोड तपासले गेले, तर या जातीच्या लवकरच्या गाठीला पुष्कळदा तेवढं पुरतं.

टी३ किंवा नोडमध्ये आजार ठरला, तर ऑपरेशनआधी इम्युनोथेरपीचा विचार मनापासून करावा असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णालयांच्या एनसीसीएन या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या जातीसाठी तो पर्याय दिलेला आहे. पण वर सांगितलेले आकडे पंधरा-तीस माणसांचे आहेत, आणि समोर केमोचा गट ठेवून चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना अशी नाही. दहा-पंधरा वर्षांनी काय होतं हे कुणीच पाहिलेलं नाही. म्हणूनच शक्य असेल तिथे चाचणीतून हे औषध घेणं मला जास्त पटतं.

वडिलांची ‘प्रयोग’ या शब्दाची धास्ती मी समजू शकतो. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक वडीलधारा हेच म्हणतो, आणि त्यांना गप्प करण्यापेक्षा नीट सांगणं बरं. भारतात क्लिनिकल ट्रायलला २०१९ चे नियम लागू आहेत. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय ट्रायल सुरू होत नाही, आणि ती सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयवर, नोंदलेली असावी लागते. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, वडिलांना वाचू द्या, सही दुसऱ्या भेटीत करा. सही केल्यावरही आई कधीही बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही करण्याआधी विचारायचं ते हे: औषध कोण देणार, स्कॅन आणि एंडोस्कोपीचा खर्च कुणाचा, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा कुणाचा, औषध सुरू असताना गाठ वाढली तर काय ठरलं आहे, आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणी उचलायचा.

ट्रायल शोधायची तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर जठराचा कॅन्सर आणि एमएसआय या शब्दांनी शोधा, आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये एकदा मत घ्या. ऑपरेशन आणि पाठपुरावा मिरज, कऱ्हाड, कोल्हापूर या पट्ट्यात होऊ शकतो, दर तीन आठवड्यांनी मुंबई करायची गरज नसते. ट्रायल मिळाली नाही तर औषध बाहेरून घ्यावं लागेल, आणि त्याचा खर्च लाखांमध्ये जातो. विमा असेल तर लेखी मंजुरी आधी घ्या, कारण या कारणासाठी हे औषध देणं नेहमीच्या परवानगीत बसत नाही म्हणून दावा अडतो. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. औषध कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजनाही असतात. एक कळकळीची विनंती: पीसीआरचा रिपोर्ट येण्याआधी द्राक्षबागेवर कर्ज काढू नका. आणि पैसा उभा राहिलाच नाही, तर केमो आणि ऑपरेशन, किंवा आईची प्रकृती नाजूक असेल तर थेट ऑपरेशन, हेही या जातीच्या गाठीत चांगले मार्ग आहेत. कमी प्रतीचे नव्हेत.

‘कमी डोसची इम्युनोथेरपी’ हे तुमच्या कानावर येईल. टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅम निवोलुमॅब वापरून उत्तम काम केलं आहे, वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ते आजाराच्या वेगळ्या टप्प्यातलं आणि वेगळ्या गाठीतलं काम आहे. आईचा आजार पूर्ण बरा होण्याजोगा आहे. तिथे डोसची काटकसर स्वतःच्या मनाने करू नका.

आता दुष्परिणाम, कारण आपल्या भागात खरा धोका इथे आहे. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत, म्हणून माणसं निर्धास्त राहतात. पण मोकळ्या सुटलेल्या रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकतात: थायरॉइड, आतडं, लिव्हर, फुप्फुस, अधिवृक्क ग्रंथी (किडनीवरच्या, कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणाऱ्या), क्वचित हृदय. समजा पाचव्या आठवड्यात आईला दिवसाला सहा-सात वेळा जुलाब होऊ लागले. गावातले डॉक्टर अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवणारी गोळी देतील, कारण एरवी तेच बरोबर असतं. इथे मात्र ती आतड्याची सूज असू शकते, आणि तिला वेळेवर स्टेरॉइड लागतात. दोन दिवस वाया गेले तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. आईच्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: कोणतं औषध चालू आहे, शेवटचा डोस कधी झाला, कुणाला फोन करायचा. जुलाब, नवा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे होणं, छातीत दुखणं, एकाएकी गळून जाणं, यातलं काहीही झालं तर गोळी घेण्याआधी फोन.

औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: आईला संधिवात, सोरायसिस असं काही आहे का, पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला झाला होता का. आणि गुडघेदुखीसाठी कुणाकडून पुड्या किंवा गोळ्या चालू आहेत का. त्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड असतं, आणि रोजचं स्टेरॉइड इम्युनोथेरपीला बोथट करू शकतं. आई लाजेने सांगणार नाहीत, तुम्हीच डबा उघडून पाहा. ऑपरेशनच्या आठवड्यात थायरॉइड आणि कॉर्टिसोल तपासलं आहे ना, हे भूलतज्ज्ञांना आठवणीने विचारा. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असेल तर टेबलावर रक्तदाब कोसळतो.

आता उलट्यांचा अपवाद. गाठ जठराच्या दारातच आहे. आईला पातळ आमटी, ताक, पेज पचतंय तोवर तीन महिने औषध देणं शक्य आहे. पाणीही टिकत नसेल, आदल्या रात्रीचं अन्न सकाळी उलटून पडत असेल, तर दार बंद झालं आहे. मग वाट पाहत बसायचं नाही. नाकातून पुढे आतड्यात नळी घालून आहार सुरू करता येतो, किंवा आधी ऑपरेशन. रक्तस्राव थांबत नसेल तरीही तेच. हिमोग्लोबिन ८ वर आहे तर लोहाचं इंजेक्शन आजच सुरू करा. गोळ्यांनी इतक्या लवकर भरून निघणार नाही. वजन रोज नव्हे, पण दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. कोणत्याही मार्गाने गेलात तरी ऑपरेशनपर्यंत आईच्या अंगात ताकद असणं, हे तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तुमच्याबद्दलची आहे. या वयात एमएलएच१ जाण्याचं कारण बहुतेक वेळा गाठीपुरतंच असतं, त्या जनुकावर रासायनिक कुलूप लागलेलं असतं आणि ते मुलांकडे जात नाही. ब्लॉकवरच मेथिलेशनची तपासणी केली की ते कळतं. तसं निघालं नाही, किंवा आजोळी कमी वयात आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला कुणी असेल, तर आईची रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्या. तिच्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकातला वारशाने आलेला दोष, निघाला, तर तो तुमच्यात आणि बहिणीत असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. मग तुम्हा दोघांची, मामा-मावशींची रक्ततपासणी, आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. मामांना हे फोनवर सांगू नका, रिपोर्ट हातात आल्यावर समोर बसून सांगा.